९०० टेबलांवर आयपी फोन : मोठ्या इस्पितळाची टेलिफोन यंत्रणा बदलताना

पिंपळपान

ट्रस्टचं इस्पितळ आणि त्याला लागून नर्सिंग कॉलेज, मिळून तीन इमारती. सध्या दोन जुने ईपीएबीएक्स (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) चालू आहेत. कागदावर १२०० एक्स्टेंशन, दोन पीआरआय लाइन (एकीवर ३० कॉल) आणि शंभर नंबरांची डीआयडी (बाहेरून थेट एक्स्टेंशनला लागणारी) मालिका. जुन्या यंत्रांची कार्डं आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून ९०० आयपी फोनना (संगणकाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या फोनना) तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. तीन कोटेशन आली. तिन्हींत फोनच्या मॉडेलवर पानंच्या पानं आहेत आणि नेटवर्कबद्दल एक ओळ : "ग्राहकाच्या कक्षेत".

जाणकारांनी सांगावं : कामाचा क्रम काय असावा, आधी काय मोजावं, आणि हे काम नेमकं कुठे अडतं? ब्रँडची तुलना इथे नको, ती वेगळ्या धाग्यावर करू.

तारायंत्र

"ग्राहकाच्या कक्षेत" ही ओळ कोटेशनमध्ये राहू देऊ नका. फोन हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अडतं ते केबल, वीज, नंबरांची आखणी आणि अॅनालॉगवर राहणारी उपकरणं या चार ठिकाणी.

पहिलं काम मोजणीचं. १२०० हा आकडा खरा धरू नका. ईपीएबीएक्समधून तीन महिन्यांची एसएमडीआर (यंत्राने ठेवलेली कॉलची) नोंद काढा. पण बऱ्याच यंत्रांत ती फक्त बाहेरच्या कॉलची असते. अंतर्गत कॉलची नोंद वेगळी चालू करावी लागते, ती आजच करून घ्या. ज्या एक्स्टेंशनवर एकही कॉल नाही त्यांची यादी काढा आणि ती घेऊन प्रत्येक मजल्यावर फिरा. फोन बंद असेल, खोली पाडलेली असेल, किंवा तारांची एकच जोडी समांतर करून तीन टेबलांवर नेलेली असेल. हा तिसरा प्रकार फार महत्त्वाचा, कारण एमडीएफवर (सगळ्या तारा जिथे येतात त्या मुख्य फळीवर) एक दिसणारं एक्स्टेंशन प्रत्यक्षात तीन फोन असतात. आयपीत तिन्हींना वेगळा पोर्ट लागेल आणि एका नंबरवर तिन्ही वाजतील अशी रचना करावी लागेल.

फिरताना प्रत्येक जागेसाठी इतकं लिहा : नंबर, विभाग, खोली, जवळचा नेटवर्क पॉइंट, त्यावर संगणक आहे का, भिंतीवर टांगायचा की टेबलावर, बाहेर कॉलची परवानगी कोणती. आणि एक वेगळा रकाना : "फोन नसलेली उपकरणं". लिफ्टमधला आपत्कालीन फोन, फायर अलार्म पॅनेलची लाइन, फॅक्स, लँडलाइनवरचं कार्ड स्वाइप मशीन, पंपहाउस, गेटवरची चौकी. या रकान्याशिवाय झालेला सर्व्हे अपुरा समजा.

बाहेरच्या लाइन किती हव्यात हेही अंदाजाने ठरवू नका. सर्वांत गर्दीच्या तासातले बाहेरचे कॉल आणि सरासरी मिनिटं काढा. समजा त्या तासात येणारे-जाणारे मिळून ४०० कॉल, प्रत्येकी ३ मिनिटं. ४०० गुणिले ३ भागिले ६० म्हणजे २० अर्लांग (एका वेळी सरासरी २० लाइन गुंतलेल्या). अर्लांग-बी सूत्राने ३० चॅनेल असतील तर शंभरात एकापेक्षा कमी कॉलला लाइन व्यस्त मिळते. म्हणजे एक पीआरआय पुरते. रहदारी दुप्पट, ४० अर्लांग झाली तरी चॅनेल दुप्पट लागत नाहीत, ५३ पुरतात. सिप ट्रंक (आयपीवरून येणारी बाहेरची लाइन) चॅनेलच्या हिशोबाने घेता येते, तेव्हा हा आकडा थेट पैशांत दिसतो.

अनुजा_नाशिक

तारायंत्र यांनी सर्व्हेचं छान सांगितलं. मी केबलचं लिहिते, कारण इस्पितळाच्या जुन्या इमारतीत सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

एका कॅट-५ई केबलच्या चार जोड्या फोडून दोन पॉइंट काढलेले असतात का, हे प्रत्येक मजल्यावर उघडून बघा. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात म्हणून इतकी वर्षं चाललेलं असतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, त्यामुळे असा पॉइंट गिगाबिट फोनला लावला की लिंक पडते-उठते किंवा १०० वर अडकते. दुसरं, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल. डेटा चालतो, पण पीओईची (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला मिळणारी) वीज नेताना व्होल्टेज पडतं, केबल गरम होते आणि लांबच्या टोकाचा फोन स्क्रीनचा दिवा लागला की रीबूट होतो. निविदेत "शुद्ध तांबं" हे शब्द हवेत आणि प्रत्येक पॉइंटचा टेस्टर रिपोर्ट हवा. स्थिर केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १०० मीटर ही मर्यादा ओलांडू देऊ नका.

संगणक फोनच्या मागच्या पोर्टवरून चालवणार असाल तर फोन गिगाबिटच घ्या. १०० एमबीपीएसचा फोन मध्ये आला की त्यामागचा संगणकही १०० वर येतो. बिलिंग काउंटरवर कुणाला कळणार नाही, पण रेडिओलॉजीत सीटी-एमआरआयच्या प्रतिमा उघडायला लागणारा वेळ डॉक्टरांना लगेच जाणवेल. पॅक्सच्या (या प्रतिमा साठवून दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) संगणकांना मी तर स्वतंत्र पॉइंटच देईन. जरा खर्च होईल, पण फोन बिघडला म्हणून रिपोर्टिंग थांबणं इस्पितळाला परवडत नाही.

पिंपळपान

अनुजाताई, समांतर जोड्यांचं आणि फोडलेल्या केबलचं दोन्ही आमच्याकडे नक्की आहे. आणखी एक विचारतो. नेटवर्क स्विच ४८ पोर्टचे, ३७० वॉट पीओईचे सुचवले आहेत. पुरतील का? आणि यूपीएस किती?

अनुजा_नाशिक

फोनच्या पीओई क्लासवर (तो किती वीज मागेल त्या वर्गवारीवर) अवलंबून आहे. क्लास २ फोनला स्विच ७ वॉट राखून ठेवतो : ४८ गुणिले ७ म्हणजे ३३६, बसतं. क्लास ३ ला १५.४ वॉट : त्या हिशोबाने २४ फोनलाच ३७० संपतात आणि पंचविसावा फोन उठतच नाही. काही स्विच क्लासप्रमाणे राखतात, काही प्रत्यक्ष वापराप्रमाणे देतात, ही सेटिंग बघून घ्या. जो फोन आपला क्लास सांगतच नाही तो १५.४ चाच धरला जातो. रिसेप्शनच्या फोनला बाजूला बटणांचं एक्स्पान्शन मॉड्यूल लावलं की त्याचाही क्लास वाढू शकतो.

यूपीएसला मात्र राखीव आकडा नाही, खरा वापर धरायचा. साधा फोन शांत असताना ३-४ वॉट घेतो. ४० फोनचे १६०, स्विचचे स्वतःचे साधारण ६०-८०, म्हणजे २४० वॉट धरा. दोन तासांना ४८० वॉट-तास. यूपीएसमधली घट, बॅटरीचं वय आणि शिशाच्या बॅटरीतून पूर्ण क्षमता कधीच न मिळणं हे धरून दुप्पट घ्या : १२ व्होल्ट ४२ अँपिअर-तासाच्या दोन एसएमएफ (पाणी घालावं न लागणाऱ्या) बॅटऱ्या, साधारण १००० वॉट-तास. हे प्रत्येक मजल्याच्या रॅकला.

व्यवस्थापनाला हे आधीच समजावून सांगा. जुना ईपीएबीएक्स ४८ व्होल्टच्या एकाच बॅटरी बँकेवर सगळ्या फोनना वीज देत होता, म्हणून दिवे गेले तरी फोन चालायचे. आता ती जबाबदारी मजल्यामजल्यावरच्या रॅकवर आली. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत यूपीएस नसलेला स्विच बंद पडतो आणि पुन्हा उठायला काही मिनिटं घेतो. अतिदक्षता विभागात ती मिनिटं नकोत.

बेलापूरकर

नंबरांच्या आखणीकडे येऊ. परदेशी मार्गदर्शिका वाचून केलेली आखणी आपल्याकडे हमखास फसते.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. तुमचा बाहेर जायचा आकडाही शून्य असेल तर मोबाइलसाठी दोन शून्यं आणि दहा आकडे होतात, आणि परदेशासाठी तीन शून्यं. जुन्या यंत्रात "००ने सुरू होणारं सगळं बंद" असा आयएसडी रोखणारा नियम कुणी लिहिला असेल आणि तो तसाच नव्या यंत्रात आला, तर सगळ्यांचे मोबाइल कॉल बंद होतील. नियम आकड्यांच्या पूर्ण आकारावर लिहा : ०, मग ०, मग ६ ते ९ पैकी एक, मग नऊ आकडे, म्हणजे मोबाइल. ०, मग ००, म्हणजे आयएसडी.

लोकांना एक शून्य वाचवायचं म्हणून "०, मग थेट मोबाइल, पुढचं शून्य यंत्र लावेल" असं करता येतं. पण पुणे-मुंबईत स्थानिक नंबर आठ आकडी आहेत आणि त्यांतले काही ६ किंवा ७ ने सुरू होतात. यंत्राला आठव्या आकड्यावर थांबायचं की दहाव्याची वाट बघायची ते कळत नाही, म्हणून अशा दर स्थानिक कॉलला तीन-चार सेकंद उगाच जातात. मला सरळ दोन शून्यांची पद्धत बरी वाटते. मोबाइलआधी शून्य लावायची सवय लोकांना घरच्या लँडलाइनवरून आहेच.

११२ हा आकडा नुसता आणि शून्य लावून, दोन्ही तऱ्हांनी लागलाच पाहिजे. नुसता ११२ ताबडतोब जावा. शून्य लावलेल्याला, म्हणजे ०११२ ला, तीन सेकंद थांबू द्या. कारण दिल्लीचा कोड ०११ आणि तिथले बरेच नंबर २ ने सुरू होतात. कुणी बाहेरचा शून्य विसरून ०११-२... फिरवला की चौथ्या आकड्यालाच कॉल पोलिसांकडे जाईल. १००, १०१, १०८ हेही तपासा. म्हणून एक्स्टेंशन ० आणि १ ने कधीच सुरू करू नका. चार आकडी, २ ते ८ पासून. जुने नंबर या नियमात बसत असतील तर एकही बदलू नका, वॉर्डातल्या भिंतींवर ते लिहिलेले असतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे मोबाइलसारखी लँडलाइन नंबरची पोर्टेबिलिटी नाही. सेवा देणारी कंपनी बदलली तर शंभर नंबरांची मालिका गेली, आणि ती केसपेपरवर, पाट्यांवर, विमा कंपन्यांच्या यादीत छापलेली आहे. आहे त्याच कंपनीला विचारा की हीच मालिका पीआरआयवरून सिप ट्रंकवर आणून देता का, आणि उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर पीआरआय तशीच ठेवून ई१ गेटवेमार्फत (पीआरआय आणि आयपी जोडणाऱ्या डब्यामार्फत) नव्या सर्व्हरला जोडा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्या शहरात शाखा असेल तर अंतर्गत कॉल आपल्या लीज्ड लाइनने नेता येतात. पण पुण्याचा कॉल आपल्या लाइनने नागपूरला नेऊन तिथल्या ट्रंकवरून बाहेर सोडणं म्हणजे टोल बायपास (एसटीडीचं शुल्क चुकवणं). पुरवठादार "होतं हो" म्हणाला तरी करू नका. त्या दोन वाटा यंत्रात वेगळ्या ठेवा.

न्यूजर्सीकर

बेलापूरकर यांच्या ११२ ला जोडून. अमेरिकेत १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या बहुलाइन यंत्रणांत ९११ थेट लागणं आणि त्याच क्षणी रिसेप्शन किंवा सुरक्षा कक्षाला सूचना जाणं सक्तीचं आहे. पुढे मजला-खोलीसह पत्ता पाठवणंही सक्तीचं झालं. भारतात तशी सक्ती नसली तरी सूचनेचा भाग तुम्ही फुकटात करू शकता. कोणत्याही फोनवरून ११२ किंवा आगीचा अंतर्गत नंबर फिरला की सुरक्षा कक्षाच्या फोनवर "बी इमारत, ३रा मजला, खोली ३१२" असं झळकावं. त्यासाठी एक्स्टेंशन आणि खोलीची यादी बरोबर हवी. आयपी फोन कुणीही उचलून दुसऱ्या खोलीत लावला तरी तो जुन्याच नंबराने चालतो, म्हणून जागा फोनवरून नाही तर स्विचच्या पोर्टवरून ओळखा.

रानवारा

नेटवर्कचं मी लिहितो.

बँडविड्थची भीती अनाठायी आहे. जी.७११ कोडेकचा (आवाज डेटात बदलण्याच्या पद्धतीचा) एक कॉल इथरनेटवर एका दिशेला ८७.२ केबीपीएस घेतो. ६० कॉल एकदम चालले तरी सव्वापाच एमबीपीएस. जी.७२९ वापरून ती ३१.२ वर आणण्याची गरज कॅम्पसमध्ये नाही. त्याने आवाज उतरतो आणि फॅक्स तर चालतच नाही. बिघडवतात ते विलंब, जिटर (विलंबातला चढउतार) आणि गळती (वाटेत हरवणारी डेटाची पाकिटं). एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर ३० च्या आत, गळती एक टक्क्याच्या खाली ठेवा.

आवाजासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), प्रत्येक इमारतीला वेगळा. एका इमारतीत ३०० फोन असतील तर २५४ पत्त्यांचा सबनेट पुरत नाही, ५१० चा घ्या. फोनला व्हीलॅन कळवायला एलएलडीपी-मेड (स्विचनेच फोनला सांगण्याची पद्धत) वापरा. ते नसेल तर फोन आधी संगणकांच्या व्हीलॅनमध्ये पत्ता घेतो, डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पर्यायातून आपला व्हीलॅन वाचतो आणि मग उडी मारतो. मागे सोडलेला पत्ता लीज (मुदत) संपेपर्यंत अडकून राहतो. ९०० फोन एकाच सकाळी उठले की संगणकांना पत्ते उरत नाहीत, आणि तक्रार फोनची नाही तर "नेट गेलं" अशी येते.

आवाजाच्या पाकिटांना डीएससीपी (अग्रक्रमाची खूण) ४६, सिग्नलिंगला (कॉल लावण्या-तोडण्याच्या निरोपांना) २४. प्रत्येक स्विचवर, इमारतींमधल्या जोडण्यांवर आणि राउटरवर ही खूण तशीच राहते का ते पाकिटं पकडून बघा. मध्येच एक जुना स्विच ती पुसून टाकतो, आणि मग दुपारी बॅकअप सुरू झाला की आवाज तुटतो.

फोनचं कॉन्फिगरेशन हाताने एकाही फोनवर करू नका. मॅक पत्ता (फोनचा कारखान्यातला क्रमांक) आणि एक्स्टेंशनची यादी सर्व्हरवर, डीएचसीपीचा पर्याय ६६ सर्व्हरचा पत्ता सांगतो, फोन आपली फाइल उचलतो. पर्याय ४२ मध्ये अंतर्गत एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर द्यायला विसरू नका. बहुतेक फोनमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, उठताना त्यांच्या मते १९७० साल असतं, मग सर्व्हरचं सर्टिफिकेट "अजून लागू नाही" म्हणून ते जोडणीच नाकारतात. वेळेचा फरक ५:३० आहे, काही फोनना तो सेकंदांत, १९८०० असा द्यावा लागतो.

आणि फोनच्या दोन्ही केबली भिंतीतल्या पॉइंटांत घातल्या की नेटवर्कला वळसा बसतो. सफाई करताना कुणी ना कुणी हे करतंच. बीपीडीयू गार्डवर (स्विचची तपासणी-पाकिटं परत आली की पोर्ट बंद करणाऱ्या सोयीवर) पूर्ण भिस्त ठेवू नका, काही फोन ती पाकिटं पुढे सोडत नाहीत. स्विचवर लूप डिटेक्शन (वळसा ओळखणं) आणि स्टॉर्म कंट्रोल (पाकिटांचा पूर रोखणं) दोन्ही चालू ठेवा.

मुक्तछंद

एक शंका. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत. अॅप देऊन टेबलावरचा फोन काढूनच का टाकू नये?

तारायंत्र

कार्यालयीन लोकांना जरूर द्या, कदाचित २०० फोन वाचतील. वॉर्डात नको. तिथला फोन माणसाचा नसतो, जागेचा असतो. पाळी बदलली तरी नर्सिंग स्टेशनचा नंबर तोच राहतो, चार्जिंग संपत नाही, आणि तो निर्जंतुक करून पुसता येतो.

पिंपळपान

एका रात्रीत सगळं बदलणं इस्पितळात अशक्य आहे. टप्प्याटप्प्याने करताना जुने-नवे एकमेकांशी चार आकड्यांतच बोलतील ना?

तारायंत्र

बोलतील. जुन्या ईपीएबीएक्समध्ये एक ई१ कार्ड मोकळं करा आणि गेटवेमार्फत नव्या सर्व्हरला टाय लाइन म्हणून जोडा. बाहेरची पीआरआय आधी नव्या सर्व्हरवर आणा आणि तिथून जुन्याकडे कॉल पाठवा. उलट ठेवलं तर शेवटच्या दिवशी सगळंच एकदम हलवावं लागतं.

एक सापळा आहे. जुन्यात "माझ्याकडे नसलेला नंबर नव्याकडे पाठव" आणि नव्यात "नसलेला जुन्याकडे पाठव" असे दोन नियम असले, तर रद्द झालेला एखादा नंबर कुणी फिरवला की कॉल दोघांत चेंडूसारखा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला एक चॅनेल खातो. काही सेकंदांत तीसच्या तीस भरतात. सिपमधली टप्पे मोजणारी मर्यादा मध्ये पीआरआय आल्यामुळे दर फेरीला नव्याने सुरू होते, ती वाचवत नाही. दोन्हीकडे नंबरांच्या नेमक्या याद्या द्या, कुठेच नसलेल्या नंबराला ध्वनिमुद्रित सूचना.

क्रम : आधी आयटी विभाग, मग प्रशासन आणि कॉलेज, मग बाह्यरुग्ण विभाग, मग वॉर्ड, सर्वांत शेवटी अतिदक्षता, शस्त्रक्रिया आणि अपघात विभाग. रिसेप्शन मात्र प्रशासनाबरोबरच हलवा, कारण ऑपरेटरचा हात बसायला वेळ लागतो. प्रत्येक टप्प्यानंतर जुना फोन आठवडाभर जागेवरच, चालू ठेवा. फोन ३ ते ५ टक्के जास्त घ्या, म्हणजे ९०० ला २७ ते ४५.

लिफ्ट, फायर पॅनेल आणि १०० मीटरपलीकडची गेटचौकी तांब्याच्या जोडीवरच राहू द्या, २४ पोर्टच्या एफएक्सएस गेटवेवर (साधे फोन आयपीला जोडणाऱ्या डब्यावर). गेटवे अतिदक्षतेच्या यूपीएसवर घ्या. उघड्यावरून येणाऱ्या जोड्यांना एमडीएफच्या क्रोन मॉड्यूलवर (तारा जोडायच्या पट्टीवर) सर्ज प्रोटेक्शन लावा आणि अर्थिंग मोजून घ्या. वळवाच्या विजांत पहिला बळी गेटवेच्या पोर्टांचा जातो. अपघात विभाग आणि सुरक्षा कक्षात एकेक थेट लँडलाइन वेगळी ठेवा, आयपीशी काडीचाही संबंध नसलेली.

रानवारा

चालू झाल्यावर येणाऱ्या तक्रारींवरून कारण कसं ओळखायचं तेही लिहून ठेवतो.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर उचलल्याची पोच पलीकडे पोचत नाहीये. फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता तपासा. १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमरचं (चालू कॉलच्या मुदतीचं) नूतनीकरण अडतंय. एकाच बाजूचा आवाज येतो म्हणजे सिग्नलिंग जातंय आणि आरटीपीची (आवाज नेणाऱ्या प्रवाहाची) यूडीपी पोर्टं एका दिशेला बंद आहेत. आस्टरिस्कमध्ये (फोन सर्व्हरच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये) ती सहसा १०००० ते २०००० असतात. राउटरवरचं सिप एएलजी (सिपचे निरोप वाटेत बदलणारं सॉफ्टवेअर) बंद करा, ते मदतीपेक्षा घोटाळाच जास्त करतं. फोन नोंदणीनंतर मिनिटभर वाजतो आणि मग येणारे कॉल मिळत नाहीत, तर नॅटची (राउटरने पत्ता बदलून उघडलेली) वाट बंद होतेय, कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा निरोप) ३० सेकंदांवर आणा. बँकेच्या आयव्हीआरला ("अमुकसाठी एक दाबा" म्हणणाऱ्या यंत्राला) आकडे कळत नाहीत, तर डीटीएमएफ (बटणांचे सूर) दोन्हीकडे आरएफसी ४७३३ पद्धतीवर आहे का ते बघा.

साध्या लँडलाइन गेटवेच्या एफएक्सओ (बाहेरची लाइन घेणाऱ्या) पोर्टवर घेतल्या असतील तर पलीकडच्याने ठेवल्यावरही लाइन अडकून राहते. गेटवेत देश भारत निवडा, किंवा व्यस्त सूर हाताने भरा : ४०० हर्ट्झ, ०.७५ सेकंद चालू, ०.७५ सेकंद बंद.

बेलापूरकर

सुरक्षेचं राहिलं. पोर्ट ५०६० इंटरनेटला उघडं ठेवलं की पासवर्ड शोधणारे बॉट येतातच, आणि एक्स्टेंशन २३४५ चा पासवर्ड २३४५ असेल तर रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढतं. ट्रंक कंपनीच्या स्वतंत्र जोडणीवर घ्या, पासवर्ड यंत्राने बनवलेले लांब ठेवा, फोनच्या वेब पानाचा मूळ पासवर्ड बदला. आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्या आणि ज्या दोन-तीन जागांना लागते त्यांना पिन द्या. खरेदीत पुरवठादाराकडून टीईसीचं (दूरसंचार विभागाच्या तांत्रिक केंद्राचं) प्रमाणपत्र मागायला विसरू नका.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी निविदा याच क्रमाने लिहायला घेतो. शेवटचं एक : मराठी आयव्हीआर आणि फोनच्या पडद्यावर देवनागरी नावं जमतील का?

अनुजा_नाशिक

आयव्हीआर सहज. ध्वनिमुद्रण चांगल्या माइकवर करा आणि शेवटी ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल बनवा. "बाह्यरुग्ण विभागासाठी एक दाबा" असं विभाग आधी आणि आकडा नंतर, म्हणजे ऐकणाऱ्याला आकडा लक्षात ठेवावा लागत नाही. अपघात विभाग पहिल्या क्रमांकावर, आणि काहीच न दाबल्यास दहा सेकंदांत ऑपरेटर. वयस्कर रुग्णांचे नातेवाईक बटण दाबत नाहीत, थांबून राहतात.

देवनागरीचं मात्र नमुना फोन मागवूनच तपासा. काही फोनमध्ये लिपीच नसते, चौकोन दिसतात. काहींत अक्षरं असतात पण जोडाक्षरं फुटतात. "स्त्रीरोग", "शस्त्रक्रिया", "हृद्रोग" आणि "अस्थिव्यंग" ही चार नावं फोनबुकमध्ये घालून पडद्यावर बघा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते की नंतर, हे "क्रिया" आणि "अस्थि"मध्ये लगेच दिसेल. फर्मवेअर (फोनमधलं सॉफ्टवेअर) बदललं की हीच तपासणी पुन्हा करा.